विंग नसलेली रंगभूमी

(दृश्य : रात्र. गावाबाहेरचं खळं. मोटारसायकलच्या दिव्यात दोन नट.)

जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. कापसाची वेचणी उरकून, जेवणं आटोपून पोरं नाटकाच्या तालमीला जमलीत. खळं सारवलेलं, कडेला सोयाबीनचं भुसकट. नटाचा पाय भुसकटात पडला की दिग्दर्शक ओरडतो, "अय, तिकडं नाटक संपलं!" रंगमंचाची नट लपायची कड, म्हणजे विंग म्हणायची ती एवढीच.

(दृश्य : पत्रा कापणारे हात. जवळून.)

हे हात दिवसा पंक्चर काढतात. आत्ता ते स्पॉटलाइट बनवतायत. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा. तळाला बल्बच्या होल्डरपुरतं भोक, तोंडाला जिलेटीन पेपर, आणि पत्रा तापतो म्हणून बाजूला खिळ्यानं पाडलेली छिद्रं. उजेड कमी-जास्त करणारा डिमर आहे प्लास्टिकच्या बादलीत. मिठाचं पाणी, तारेला जोडलेल्या दोन पत्र्याच्या पट्ट्या. एक तळाशी, दुसरी लाकडी दांड्यावर. दांडा खाली सरकला, पट्ट्या जवळ आल्या, की बल्ब उजळतो. वर उचलला की मंद होतो. एलईडीवर हा खेळ जमत नाही, त्यामुळे जुने पिवळे बल्ब शोधत तालुक्याचं गाव पालथं घालावं लागतं. बादलीजवळ कुणी फिरकायचं नाही, हा तालमीतला सगळ्यात कडक नियम.

(दृश्य : जांबसमर्थची वेस. दिवस.)

याच तालुक्यातलं जांबसमर्थ. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून महाराष्ट्र ते ओळखतो. नाटकवाले ओळखतात नाटककार राजकुमार तांगडेंमुळे. भारनियमन आणि वीजचोरीवरचं त्यांचं 'आकडा' इथल्याच मातीतलं. मग २०१२ मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. संकल्पना आणि गाणी संभाजी भगतांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, नट बहुतेक जालन्याकडचे शेतकरी. महाराजांना न्यायला यम येतो आणि त्यांचा जिरेटोप बसेल असं डोकं शोधत फिरतो. मुंबई-पुण्यानं या नाटकाचं भरभरून कौतुक केलं, पण 'गावाकडची मंडळी' म्हणून. प्रायोगिक म्हणताना मात्र जीभ अडखळली.

(दृश्य : छत्रपती संभाजीनगर. नागसेनवन, मिलिंद महाविद्यालय.)

खरं तर प्रयोगाची सवय इथे जुनी आहे. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटून सात वर्षं झाली होती. १९५५ मध्ये प्राचार्य म. भि. चिटणीसांनी लिहिलेलं 'युगयात्रा' याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी डॉ. आंबेडकरांसमोर सादर केलं. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना त्याचं नाव आधी घ्यावं लागतं. पुढे नांदेडचे नाटककार दत्ता भगत. 'आवर्त'साठी त्यांनी लोकनाट्याचा बाज घेतला. 'वाटा-पळवाटा'त काका, सतीश आणि अर्जुन या तीन पिढ्यांना घराच्या चार भिंतींत वाद घालायला लावलं. जसा विषय, तसा घाट. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्थाही इथलीच. ती मुंबईला गेली आणि तिथलीच झाली.

(दृश्य : पुन्हा खळं. हलगी तापवताना.)

हलगी शेकून होते. सोंगाड्या प्रेक्षकांतूनच उठतो, पीकविम्याच्या फॉर्मवर सही कुठे करायची ते विचारतो. उत्तर देणारा नट पडद्यामागून येत नाही, कारण पडदाच नाही. तोही प्रेक्षकांतच बसलेला. ही युक्ती पुस्तकातून उचललेली नाही. तमाशाच्या बतावणीत, म्हणजे विनोदी सवाल-जबाबात, ती आधीपासून आहे. इथे तिच्या तोंडी आजचा तलाठी आला, इतकंच.

आधीच्या नाटकांतले काही नट सिनेमात गेले, काही शेतीवर परतले, काहींनी नाटक सोडलं.

(दृश्य : ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलेले डबे, सतरंज्या.)

पहिला प्रयोग शेजारच्या गावच्या जत्रेत. मंडप जत्रा कमिटीचा, माईक भाड्याचा. डिझेल कोणी भरायचं, यावर ट्रॉलीत अजून चर्चा चालू आहे.