तसबिरीतली साडी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या आजोळी माजघरात लक्ष्मीची एक तसबीर होती. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि शेजारी सोंडेत हार धरलेला हत्ती. रविवर्मा प्रेसचं हे चित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी कुठल्या ना कुठल्या भिंतीवर पाहिलं असेल. पण आमच्या लक्ष्मीची साडी खरी होती. पणजीनं छापील साडीच्या मापानं लाल रेशमी कापड बेतून खळीनं चिकटवलं होतं. काठाला जर, मुकुटाला टिकल्या, गळ्यात मोहरीएवढे मणी. दिवेलागणीला समई पेटली की त्या टिकल्या एकेक करून चमकायच्या.

लहानपणी मला वाटायचं, तसबीर दुकानातूनच अशी येते. पुढे संग्रहालयांत, जुन्या वस्तूंच्या संग्रहांत अशा नटवलेल्या तसबिरी दिसल्या आणि उलगडा झाला. किती घरांतून बायकांनी हे काम केलं होतं, काही ठिकाणी कारागिरांनीही. राजा रविवर्मांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरची छपाई, प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, एकावर एक रंग चढवत चित्र पुरं व्हायचं. देवादिकांचं रूप त्या कागदावरून घराघरांत पोचलं आणि सगळीकडे एकसारखंच पोचलं. मग कुणीतरी दुपारची झाकपाक आटोपल्यावर कात्री हातात घेतली आणि त्या हजारांतली एक लक्ष्मी आपली करून टाकली. तिनं आपल्याच लुगड्याचा तुकडा वापरला असेल का, हे मला फार विचारावंसं वाटतं.

आता त्या तसबिरीकडे पाहताना माझी नजर जाते ती पणजीनं जे झाकलं नाही त्यावर. चेहरा, हात, पावलं यांना तिनं कुठेही खळीचं बोट लावलेलं नाही. पदर हातावरून जिथे खाली येतो तिथे कापड इतकं नेमकं कापलंय की मनगटाची छापील रेष जशीच्या तशी मोकळी आहे. चित्रात जीव कुठे आहे हे तिला आधी कळलं होतं, कात्री नंतर चालली. जुन्या चित्रांवर काम करणाऱ्या कलावंतांकडून मी शिकले ते एवढंच, आणि ते मला पुरतंय.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जोसेफ कॉर्नेल नावाचा कलावंत होऊन गेला. जन्म 1903 चा. चित्रकलेचं शिक्षण नाही. कापड व्यवसायात फिरतीची नोकरी, घरी आई आणि सेरेब्रल पाल्सीमुळे परावलंबी असलेला धाकटा भाऊ रॉबर्ट. या भावाची सेवा त्यानं आयुष्यभर केली. युरोपला तो कधी गेला नाही, पण मॅनहॅटनमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून युरोप घरी आणत राहिला: जुनी चित्रं, नकाशे, ग्रहताऱ्यांचे तक्ते, पक्ष्यांची छापील पानं. तळघरात बसून तो लाकडी पेट्या करायचा, पुढे काच लावायचा आणि आत ही चित्रं मांडायचा.

1942 मधली त्याची एक पेटी आहे. सोफोनिस्बा अँग्विसोला या इटालियन चित्रकर्तीनं सोळाव्या शतकात रंगवलेला एक लहान मुलगा तिच्यात मधोमध उभा आहे. कडेच्या कप्प्यांत छोटी छोटी चित्रं, रोमच्या नकाशाचे तुकडे, आणि गोट्यांसारखी खेळणी. पोरवयातच भारी पोशाखात अडकलेल्या त्या मुलाला जणू चारशे वर्षांनी कुणीतरी खेळायला बोलावलं. कॉर्नेल पुष्कळदा मूळ चित्राची फोटोप्रत काढून तिच्यावर काम करायचा. त्यामुळे एकच चेहरा त्याला पुन्हा पुन्हा वेगळ्या पेटीत मांडून पाहता यायचा. 1972 मध्ये, म्हणजे तो गेला त्याच वर्षी, त्याचं एक प्रदर्शन खास मुलांसाठी भरलं. पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावल्या होत्या आणि खायला केक होता. रॉबर्ट तेव्हा हयात नव्हता. हे सगळं रॉबर्टसाठीच होतं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगते. कलावंत विवान सुंदरम हे चित्रकर्ती अमृता शेरगिलचे भाचे. अमृताचे वडील उमरावसिंग यांना फोटोग्राफीचा ध्यास होता आणि त्यांनी बायकोमुलींचे, स्वतःचे असंख्य फोटो काढून ठेवले. अमृता 1941 मध्ये लाहोरला वारली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. साठ वर्षांनी भाच्यानं आजोबांचे ते फोटो संगणकावर घेतले आणि एकमेकांत मिसळले. वेगवेगळ्या वर्षांतले बाप-लेक एका खोलीत आले, अमृता आणि तिची चित्रं एका चौकटीत आली. पण फोटोंचा काळा-पांढरा रंग त्यांनी तसाच राखला. भाच्याला मावशी भेटली ती आजोबांच्या डोळ्यांतून, आणि ते डोळे त्यानं पुसले नाहीत.

श्रोतेहो, तुमच्याकडेही काळ्या पानांचा अल्बम असेल. मध्ये कोळिष्टकाच्या नक्षीचा पातळ कागद, चारी टोकांना चिकटवलेले कोपरे. तो काढा, पण कात्री मात्र प्रतीवरच चालवा. फोटो स्कॅन करून जाडसर, चकाकी नसलेल्या कागदावर छापून घ्या. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेवरूनच त्याचा फोटो घ्या. प्लास्टिकखाली चिकट पानं असतात त्या अल्बममध्ये जुने फोटो ठेवू नका, तो गोंद हळूहळू फोटो खातो. आणि घरातली मोठी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून फोटोमागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. हे मी कळवळून सांगते आहे, कारण आमच्या अल्बममधल्या निम्म्या बायकांची नावं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

त्यांतल्याच एका फोटोची प्रत सध्या माझ्या टेबलावर आहे. नऊवारीतल्या दोघी जणी, बहुधा जावा, फोटोवाल्याच्या रंगवलेल्या पडद्यासमोर उभ्या आहेत. पडद्यावर कारंजं आणि संगमरवरी खांब. गेले आठ दिवस मी त्यांच्याकडे नुसती पाहते आहे. काल लक्षात आलं की डावीकडचीनं उजवीकडचीची करंगळी धरलीय, पदराआड, कुणाला दिसू नये अशी. आता कारंजं कापून टाकायचं आणि त्या जागी आमच्या परसातल्या प्राजक्ताची फुलं वाळवून लावायची असं ठरवलंय. खांबांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. त्या दोन करंगळ्यांभोवती मात्र मी पेन्सिलीनं एक बारीक गोल काढून ठेवलाय, तिथे काही चिकटवायचं नाही म्हणून.

नमस्कार.