थाळी फिरली की दिवा

(दृश्य: टेबलावर पालथा ठेवलेला पेटीतला रेकॉर्ड प्लेअर. पत्र्याच्या खालची जुनी वायरिंग.)

परभणीच्या नानलपेठेतलं हे दुरुस्तीचं दुकान. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी यांच्यावर पोट चालतं. आज मात्र टेबलावर रेकॉर्ड प्लेअर आलाय. मालकाचं म्हणणं एवढंच आहे की रेकॉर्ड वाजायला लागली की दिवे लागावेत आणि थांबली की विझावेत.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या गावाला हौसेचं काही वावडं नाही. पण हा सेट हौसेचा नाही, धंद्याचा आहे. मालकाचे वडील लाउडस्पीकरवाले. लग्न असो की उरूस, बैलगाडीत भोंगा, ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्डींची ट्रंक टाकून निघायचे. लिंबाच्या फांदीला भोंगा बांधला की अख्ख्या शिवाराला कळायचं, आज कुणाचं तरी लग्न आहे.

(दृश्य: एलपीचा पृष्ठभाग, अगदी जवळून. बाजूने तिरका उजेड.)

खरी कसरत रात्रीची. एलपीवर दोन गाण्यांच्या मधे खाचा विरळ होतात, तिथे एक बारीक चकचकीत पट्टा दिसतो. हवं ते गाणं लावायचं तर सुई नेमकी त्या पट्ट्यात सोडावी लागते. मंडपातला सगळा उजेड नवरा-नवरीवर, आणि रेकॉर्डवाला बसलेला कनातीमागे. मग टॉर्च दातात धरायचा आणि सुई टेकवायची. हात चुकला तर वरात निघायच्या वेळी भोंग्यातून बिदाईचं रडगाणं.

डोक्यावरचा दिवा इथे कामाचा नाही. वरून उजेड पडला की सगळी तबकडी सारखीच काळी दिसते. तो बाजूने, अगदी खालून, खाचांवर आडवा पडला पाहिजे. या पेटीत पूर्वी कुणीतरी झिरोचा बल्ब बसवला होता, त्याची जळकी खूण झाकणाला अजून आहे. विनाइलला उष्णता सोसत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे. त्यात आणखी बल्बची धग कशाला? एलईडीने तो प्रश्न मिटवला.

(दृश्य: सुईचा दांडा, म्हणजे आर्म, उचलून आत नेला जातो. खाली पट्टी सरकते, स्विच ‘टक्’ वाजतो.)

स्विच नवा शोधायचा नाही. आर्म उचलून आत नेला की पत्र्याखालची एक पट्टी सरकते, स्विच दाबला जातो आणि मोटारीला २३० व्होल्ट मिळतात. दिव्याला हुकूम द्यायचा तो याच जागेवरून.

हुकूम इथून, पण वीज कुठून? दुकानदाराचा भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय. त्याला सोपा रस्ता दिसला.

“मामा, ॲम्प्लिफायरमधूनच बारा व्होल्ट घेऊ की.”

“घे. अन् मग गाण्यात घूंऽऽ ऐकत बस.”

मामांचं बरोबर आहे. सुईतून येणारा सिग्नल अगदी नाजूक असतो. सुई जिच्यात बसते ती डबी, म्हणजे कार्ट्रिज, मॅग्नेटिक असेल तर जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. या सेटात सिरॅमिक आहे, ते बऱ्यापैकी जोरात बोलतं. तरी दिव्याची आणि आवाजाची वायर एका घरात नांदवायची नाही, हा मामांचा शिरस्ता. म्हणून मोटारीला समांतर एक रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, जोडला, २३० व्होल्ट एसी कॉइलचा. मोटार चालू झाली की रिले ओढला जातो आणि बाहेरच्या ॲडाप्टरचे १२ व्होल्ट दिव्यांना मिळतात. दोन्ही विजांची गाठ कुठेच पडत नाही. रिले बसवला मागच्या कोपऱ्यात, आर्मपासून जमेल तितका लांब. पत्र्याला अर्थिंग नव्हतं, तेही दिलं. गिऱ्हाईकाने मागितलं नव्हतं, पण आर्म हाताळताना पत्र्याला हात लागतोच.

बाकी हिशोब सरळ. तीन पांढरे एलईडी एका ओळीत, प्रत्येकी तीनेक व्होल्ट, म्हणजे झाले नऊ. उरलेले तीन रेझिस्टरने पचवायचे. २० मिलिॲम्पियरला १५० ओहम.

तालावर लुकलुकणारे रंगीत दिवे लावू का, असं भाच्याने विचारून पाहिलं. “ते गणपतीला लाव,” मामा म्हणाले.

(दृश्य: टेस्टर खोलला जातो. आतला छोटा निऑन दिवा.)

पण मामांच्या मनात आणखी एक दिवा होता, थाळीचा वेग तपासायचा. टेस्टर असतो ना, त्याच्यातला नारिंगी निऑन. तो मेनच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा पेटतो-विझतो, डोळ्याला कळत नाही इतकंच. १८० रेघांची कागदी तबकडी त्याच्या उजेडात एलपीच्या वेगाने, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरवली, तर दोन चमकांच्या मधल्या वेळात ती बरोबर एक रेघ पुढे सरकते. म्हणून रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. ॲडाप्टरच्या डीसीवरचा एलईडी अखंड जळतो, त्याच्या उजेडात हा खेळ दिसणार नाही. त्यामुळे निऑन वेगळा, रेझिस्टर लावून थेट मोटारीच्या वायरवर.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मात्र या रेघांवर विसंबू नये. इन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सी ५० ऐवजी ५२ झाली तर मोटारही पळते आणि निऑनही. रेघा जवळजवळ थांबलेल्या, गाणं मात्र चढ्या सुरात.

(दृश्य: झेरॉक्स सेंटरवरून छापून आणलेली रेघांची तबकडी थाळीवर फिरते आहे.)

दिवे लागले. एलईडीच्या तिरक्या उजेडात गाण्यांच्या मधले पट्टे स्वच्छ दिसले. निऑनखालच्या रेघा मात्र थांबेनात, हळूहळू मागे सरकत राहिल्या. म्हणजे थाळी मंद आहे.

मामांनी थाळी उचलली. मोटारीचा वेग थाळीला पोहोचवणारं रबरी चाक कडक होऊन गुळगुळीत झालंय, ते घसरतं. स्पिरिटने पुसल्यावर रेघांची चाल निम्म्यावर आली. नवं चाक मागवलंय. मालकाला फोन गेला की दिव्याचं काम झालं, पण सेट आत्ताच न्यायचा नाही. ते म्हणाले, “आमचा सेट तर नेहमी असाच वाजतो.”

“तेच तर,” मामा म्हणाले, आणि पुढचा मिक्सर खोलायला घेतला.