बेसी स्मिथ : तेहतीस वर्षं नुसतं गवत

[दृश्य : कबरस्तान, वाऱ्यावर हलणारं गवत]

फिलाडेल्फियाजवळचं शॅरन हिल. इथल्या माउंट लॉन कबरस्तानात १९३७च्या ऑक्टोबरमध्ये बेसी स्मिथला पुरलं. अंत्यदर्शनाला हजारो माणसं लोटली होती. कबरीवर दगड मात्र बसला तो १९७० साली.

ही त्या काळातली सर्वांत जास्त मानधन घेणारी कृष्णवर्णीय कलावंत. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सुखदुःखाचं गाणं. लोक या गायिकेला 'ब्लूजची सम्राज्ञी' म्हणायचे.

जन्म टेनेसीतल्या चॅटनूगाचा. लहानपणीच आईवडील गेले. भाऊ अँड्र्यू गिटार वाजवायचा आणि ही रस्त्यात उभी राहून गायची, नाचायची. १९१२ साली ती गाण्यानाचाच्या फिरत्या कंपनीत शिरली, तीही नर्तकी म्हणून. मा रेनी ही थोर गायिका त्याच कंपनीत होती.

फेब्रुवारी १९२३, कोलंबिया या तबकडी कंपनीचा न्यूयॉर्कमधला स्टुडिओ. मायक्रोफोन नाही, समोर फक्त एक कर्णा. त्यात आवाज पोचला तरच तबकडीवर उमटणार. बेसीचा पोचला! 'डाउनहार्टेड ब्लूज' लाखोंनी खपली. तिच्या हाती काय आलं? गाण्यामागे १२५ डॉलर. रॉयल्टी शून्य.

[ध्वनी : 'सेंट लुईस ब्लूज', १९२५]

हे नीट ऐका. मागे पियानो नाही, पायपेटी आहे. आपल्या संगीत नाटकांत वाजायची तशीच. फ्रेड लाँगशॉ सूर धरून बसलाय. बेसी एकेक शब्द ताणते, सूर जरासा उतरवते आणि सावकाश जागेवर आणते. ओळ संपते न संपते तोच जाझवादक लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, तिला उत्तर देतो. घाई कुणालाच नाही. मला तरी याहून सुंदर संवाद आठवत नाही.

२६ सप्टेंबर १९३७. मिसिसिपीत हायवे ६१वर रात्री मोटारीला अपघात झाला आणि क्लार्क्सडेलच्या कृष्णवर्णीयांच्या इस्पितळात तिचा मृत्यू झाला. गोऱ्यांच्या इस्पितळानं तिला दारातून परत पाठवलं, अशी वदंता पसरली. वर्णभेदाचा तो काळ पाहता कुणालाही ती खरी वाटली असती, पण तसं घडलं नव्हतं. वाईट याचं वाटतं, की लोक वर्षानुवर्षं तिचं मरणच सांगत राहिले.

गाणं मात्र तबकड्यांतून घरोघरी जात होतं. महालिया जॅक्सन, बिली हॉलिडे या पुढच्या थोर गायिका लहानपणी तेच ऐकत वाढल्या.

[दृश्य : कबरीवरचा दगड]

या दगडाचे पैसे दोघींनी दिले. एक रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन. दुसरी हुआनिता ग्रीन, लहान असताना बेसीच्या घरी कामाला जाणारी.