अवघड पित्ताशय आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

नमस्कार श्रोतेहो.

पित्ताशयातले खडे त्रास देऊ लागले की दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकतात आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. जर्मनीतले सर्जन एरिक म्यूहे यांनी १९८५ साली ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. पण प्रत्येक पित्ताशय सोपे नसते. काही पित्ताशये सुजून टम्म झालेली असतात, काहींत पू साठलेला असतो. काही वर्षानुवर्षांच्या दाहाने आक्रसून अंगठ्याएवढी होतात आणि यकृताला, आतड्याला घट्ट चिकटतात. आज बोलायचे आहे ते अशा पित्ताशयांबद्दल.

पहिली अडचण पोटात शिरतानाच येते. एरवी बेंबीजवळ १० मिलिमीटरचे छिद्र घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याचा दाब १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात, म्हणजे काम करायला जागा मिळते. आणखी तीन छिद्रांतून चिमटे आणि कात्री आत जाते. पण पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर जुन्या व्रणाला आतून आतडे चिकटलेले असू शकते. तिथे वायू भरायची सुई अंदाजाने टोचली तर आतड्याला भोक पडते. म्हणून लहानसा छेद घेऊन, थर डोळ्यांनी बघत आत शिरायचे, किंवा व्रणापासून लांब, डाव्या बरगडीखालून सुरुवात करायची. आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद डॉक्टरांना दाखवा असे सांगतात, ते यासाठी.

दुसरी अडचण पकडण्याची. टम्म फुगलेल्या पित्ताशयावरून चिमटा घसरतो, जोर लावला तर भिंत फाटते आणि खडे पोटात सांडतात. म्हणून आधी सुईने आतला द्रव ओढून घेतात. पित्ताशय सैल पडले की मगच त्याला धरून वर उचलता येते. तरीही खडे सांडलेच तर ते वेचून पिशवीत घालून बाहेर काढायचे, कारण मागे राहिलेला खडा काही महिन्यांनीही गळू करू शकतो.

पण खरी कसोटी आहे ती नळ्या ओळखण्याची. पित्ताशयाची स्वतःची नळी साधारण दोन-तीन मिलिमीटर रुंद असते. ती ज्या मुख्य पित्तनलिकेला मिळते, ती सहा मिलिमीटरच्या आसपास. यकृतातले सगळे पित्त या मुख्य नलिकेतून आतड्यात उतरते. दाहामुळे पित्ताशयाचा गळा आखडून मुख्य नलिकेवर जाऊन बसला, की दोन्हींमधली फट नाहीशी होते. त्यात पित्ताशय नुसते वर ओढले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत येऊन एकच नळी वाटते. म्हणून पित्ताशयाचे टोक उजव्या खांद्याकडे आणि गळा उजवीकडे, जरा खाली, असे दोन दिशांना ओढतात. मग कोन उघडतो. मुख्य नलिका चुकून कापली गेली, तर बहुतेक वेळा आतड्याचा भाग वर आणून यकृतातून येणाऱ्या नळीला जोडावा लागतो, आणि पुढे आयुष्यभर तपासण्या मागे लागतात. ही इजा हजारात साधारण दोन ते पाच रुग्णांना होते. आकडा लहान आहे, पण ज्याच्या वाट्याला येते त्याचे हाल फार होतात.

बहुतेक वेळा हात चुकत नाही, डोळा फसतो. म्हणूनच १९९५ साली अमेरिकी सर्जन स्ट्रासबर्ग यांनी मांडलेली पद्धत आज जगभर मानली जाते. नळ्यांभोवतीची सगळी चरबी आणि चिकट पडदे साफ करायचे. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रोहिणी, पुढून-मागून स्पष्ट दिसायला हव्यात. तिन्ही गोष्टी जमल्याशिवाय नळी बंद करणारी क्लिप लावायची नाही. यकृताच्या खालच्या बाजूला एक खाच असते. ती दिसत असेल तर तिच्या वरच्या बाजूलाच काम करायचे, कारण मुख्य नलिका खाली असते.

आणि हे चित्र दिसलेच नाही तर? तिथे हट्ट धरायचा नाही. पित्ताशयाच्या भिंतीला छेद द्यायचा, आतले सगळे खडे काढायचे, शक्य तेवढी भिंत कापायची आणि गळ्याजवळचा धोक्याचा भाग जागेवर ठेवून ड्रेन, म्हणजे साठणारा द्रव बाहेर नेणारी नळी, लावायचा. याला अर्धवट पित्ताशय काढणे म्हणतात. या नावाने घाबरू नका. नंतर काही दिवस ड्रेनमधून पित्त येऊ शकते. ते बहुधा आपोआप थांबते, नाही थांबले तर तोंडातून एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा असलेली लवचिक नळी, घालून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, बसवतात. दुसरा मार्ग पोट उघडण्याचा. पण उघडल्याने चिकटलेल्या नळ्या सुट्या होत नाहीत, त्यामुळे तिथेही सावधगिरी तीच. यातले काहीही करावे लागले तरी सर्जनचा पराभव झाला असे समजू नका. मुख्य नलिका वाचली, हे महत्त्वाचे.

वेळेचेही गणित आहे. तीव्र दाह सुरू झाल्यापासून पहिल्या ७२ तासांत ऊती पाणीदार सुजलेल्या असतात आणि थर सुटतात. जसजसे दिवस जातात, तसतशा त्या चिवट आणि रक्ताळ होत जातात. म्हणून ताप येऊन उजव्या बरगडीखाली सतत दुखत असेल, तर घरी गोळ्या घेत आठवडा घालवू नका. प्रकृती फारच नाजूक असेल, तर आधी त्वचेतून पित्ताशयात बारीक नळी घालून पू बाहेर काढतात आणि शस्त्रक्रिया नंतर करतात.

शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखला तर त्याला पोटातला वायू कारण असतो. दोन-तीन दिवसांत ते थांबते. मात्र ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पिवळे डोळे, गडद लघवी, उलट्या यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि घरी निघताना कागदावर पित्ताशय पूर्ण काढले की अर्धवट, हे लिहून घ्या. उरलेल्या तुकड्यात वर्षांनंतर पुन्हा खडे होऊ शकतात, आणि त्या वेळी सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना हा कागद दाखवावा लागेल.