आधी रो की आधी कॉलम?

पडद्यावर सी भाषेतले दोन छोटे प्रोग्राम आहेत. दोघांचं काम एकच: ॲरेतल्या, म्हणजे रो-कॉलमच्या तक्त्यातल्या, सगळ्या आकड्यांची बेरीज. पहिला रो धरून आडवा जातो, दुसरा कॉलम धरून उभा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये असलं प्रॅक्टिकल दहा बाय दहावर उरकतं. रन, प्रिंटआउट, जर्नलवर सही, पुढचा.

दहाच्या जागी 10,000 लिहूया.

लगेच सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम मध्येच कोसळतो! दहा कोटी आकडे, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे 40 कोटी बाइट. ॲरे मेन फंक्शनच्या आत लिहिलाय, त्यामुळे जागा स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, मागितली जाते. आणि लिनक्सवर स्टॅकची मर्यादा साधारण 8 एमबी. मॅलॉक या फंक्शनने हीपवर, म्हणजे हवी तेवढी मागून घ्यायच्या मेमरीत, एकसलग जागा घेतली, की प्रोग्राम धावतो.

धावतो, पण कॉलमवाला चांगलाच रेंगाळतो. अल्गोरिदमच्या पेपरात दोन्हींना 'एन-वर्ग' (एन बाय एन आकडे, तितक्याच पायऱ्या) लिहून पूर्ण मार्क मिळतात. रेंगाळण्याचं कारण दुसऱ्याच विषयात, कॉम्प्युटर आर्किटेक्चरमध्ये, आहे, आणि तो विषय तोवर पास होऊन विसरलेला असतो. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही. एका वेळी शेजारच्या बाइटचा एक गठ्ठा, म्हणजे एक कॅश लाइन, कॅश नावाच्या जवळच्या वेगवान मेमरीत आणतो. ती बहुतेक प्रोसेसरांत 64 बाइटची, म्हणजे आपले 16 आकडे. सीमध्ये एका रोचे आकडे शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे रोवाल्याला सोळाच्या सोळा कामी येतात. कॉलमवाला दर पावलाला 40,000 बाइटची उडी मारतो. सोळा आणतो, वापरतो एक. पुढच्या कॉलमसाठी परत येईपर्यंत उरलेले पंधरा एल-वन, म्हणजे सगळ्यात जवळच्या, कॅशमधून बाहेर गेलेले असतात, कारण ती असते जेमतेम काही दहा केबींची. शिवाय प्रत्येक उडी मेमरीच्या नव्या पेजवर (तुकड्यावर) पडते, म्हणून पेजेसचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या टीएलबीचीही दमछाक. दहा बाय दहाचा अख्खा ॲरे 400 बाइटचा. तो कॅशच्या एका कोपऱ्यात मावतो, म्हणून जर्नलमध्ये फरक दिसतच नाही. (फोर्ट्रानमध्ये सगळं उलटं. तिथे कॉलमवाला जिंकतो.)

एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेच्या पेपरात हे विषय एकत्र भेटतात: 3 तास, 65 प्रश्न, 100 मार्क. कॅशचा आकार आणि लूप देऊन 'मिस किती?', म्हणजे आकडा कॅशमध्ये किती वेळा सापडला नाही, असं विचारतात. आकडा टाइप करायच्या प्रश्नाला चुकल्यावर मार्क कापत नाहीत, पण पर्याय बघून अंदाज बांधायची सोयही नसते.

एम.टेक.ला तोच प्रोग्राम परत समोर येतो. आता प्रश्न असतो: कॉलमवाला नेमका किती पट हळू, आणि कशावरून म्हणता? ओ-टू फ्लॅग (प्रोग्राम वेगवान करायची सूचना) लावून कंपाइल केलं, तर वेळ शून्याच्या आसपास येतो. आनंद मानू नये. बेरीज कुठेच वापरलेली नाही हे पाहून कंपायलरने लूपच उडवलेलं असतं. बेरीज छापली, की लूप जागेवर राहतं. मॅलॉकने मागितलेली पेजेस लिनक्स प्रत्यक्षात पहिल्यांदा हात लागल्यावरच देतं. म्हणून घड्याळ लावण्याआधी ॲरे भरून घ्यायचा, नाहीतर जे लूप आधी चालेल त्याच्या माथी तो खर्च पडतो. मग प्रत्येकी दहा-वीस रन आणि त्यांचा मध्यक. सोबत पर्फ हे टूल लावून कॅश-मिसही मोजायचे, कारण नुसत्या वेळेवरून कॅशला दोष देता येत नाही.

आलेखाखाली प्रोसेसरचं मॉडेल, कंपायलरची आवृत्ती आणि फ्लॅग लिहायचे. आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा. बॅटरीवर तो प्रोसेसरचा वेग अनेकदा स्वतःच कमी करतो, मग सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळत नाहीत.