चार विद्यार्थ्यांचा वर्ग आणि गव्हाच्या पैशातली पुस्तके

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेतल्या एखाद्या सरकारी विद्यापीठात मराठी शिकायला यंदा चारच विद्यार्थी आले, असं समजा. विभागप्रमुख काय करतील? बहुतेक वेळा वर्ग बंद करतील. शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठात तीन जण आले, आणखी एकीकडे पाच. तिथेही वर्ग बंद. म्हणजे शिकायला उत्सुक असलेले बारा जण आहेत आणि वर्ग एकही नाही. मराठी असो, तमिळ असो, बर्मी असो की कंबोडियाची ख्मेर, या भाषा एकट्या विद्यापीठाला झेपत नाहीत. एकट्याला झेपत नाहीत, एवढं लक्षात ठेवा, कारण आता जी गोष्ट सांगणार आहे ती त्याचीच आहे. मला ती फार आवडते.

जुन्या श्रोत्यांना रेशनवरचा अमेरिकन गहू आठवत असेल. पी. एल. ४८० हे नावही आठवत असेल. १९५४ साली अमेरिकेने हा कायदा केला. त्याखाली भारताला गहू मिळाला आणि त्याची किंमत आपण डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत चुकती करायची होती. आपल्याकडे डॉलर होते कुठे? त्यामुळे अमेरिकन सरकारच्या नावावर भारतात रुपयांचा ढीग साठत गेला. हे रुपये डॉलरमध्ये बदलून घरी नेता येत नव्हते. खर्च करायचे ते इथेच.

१९५८ साली मिशिगनचे काँग्रेस सदस्य जॉन डिंगेल यांनी कायद्यात एक दुरुस्ती घडवून आणली. या रुपयांतून काही रक्कम पुस्तकांवर खर्च करावी, आणि ते काम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने करावं. १९६२ मध्ये या ग्रंथालयाचं कार्यालय दिल्लीत सुरू झालं. काम साधं होतं. भारतात छापलं जाणारं पुस्तक निवडायचं, एक प्रत घेण्याऐवजी अनेक प्रती घ्यायच्या आणि त्या वेगवेगळ्या विद्यापीठांना पाठवायच्या. बर्कली, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, टेक्सस अशा सरकारी विद्यापीठांत पेट्या जाऊ लागल्या. कादंबऱ्या, कवितासंग्रह, सरकारी अहवाल, मासिकं, वर्तमानपत्रं. मराठीतलीही. आपण खाल्लेल्या गव्हाच्या पैशातून मराठी कविता मिनेसोटाच्या बर्फात जाऊन पोचल्या!

आता खरी अडचण पुढेच होती. पेटी उघडली, पुस्तक बाहेर काढलं, पण त्याची नोंद करणार कोण? प्रत्येक ग्रंथालयाने मराठी जाणणारा एक, तमिळ जाणणारा एक, बंगाली जाणणारा एक असे सूचिकार कुठून आणायचे? आणायचे तरी पगार कोण देणार? एकट्याला झेपत नाही, तेच इथेही. म्हणून सूची करण्याचं काम एकत्र झालं आणि त्याच्या खर्चात विद्यापीठांनी वाटा उचलला. एकाने नोंद केली की ती सगळ्यांच्या उपयोगी पडली. काय आलं, काय छापलं गेलं, याची यादीही दिल्लीहून नियमित निघू लागली. कित्येक संशोधकांना आपल्या विषयाची पुस्तकं आहेत हे त्या यादीतून पहिल्यांदा कळलं असणार.

इथे थोडं विषय सोडून बोलतो. ग्रंथालयातली कपाटं वाचकांसाठी उघडी असायलाच हवीत. त्या अमेरिकन विद्यापीठांत विद्यार्थी थेट मांडणीपाशी जाऊन पुस्तक काढू शकतो. मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारचं पुस्तक हाती लागतं आणि त्याने संशोधनाची दिशा बदलते. चिठ्ठी लिहून काउंटरवर वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला ते शेजारचं पुस्तक कधीच येत नाही. आपल्याकडच्या ग्रंथपालांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

तर, गोष्टीचा शेवट मला सर्वांत मोलाचा वाटतो. ते साठलेले रुपये पुढे संपले. फुकटचा पैसा संपला की योजना संपते, असं आपण गृहीत धरतो. ही संपली नाही. विद्यापीठं स्वतःचे पैसे भरू लागली आणि दिल्लीचं कार्यालय आजही त्यांच्यासाठी पुस्तकं घेतं. दरम्यान १९६७ पासून दुर्मीळ साहित्याच्या मायक्रोफिल्मही, म्हणजे पानांच्या बारीक छायाचित्रांच्या फिती, विद्यापीठं सामाईक खर्चातून करून घेऊ लागली. एकत्र काम करायची सवय लागली होती, म्हणून पैसा संपल्यावरही काम टिकलं.

भाषावर्गांचंही असंच. रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यानंतर, १९५८ साली, अमेरिकेच्या संरक्षण शिक्षण कायद्यातून परदेशी भाषांच्या केंद्रांना पैसा मिळू लागला. आग्नेय आशियाच्या भाषांचा उन्हाळी वर्ग १९८३ मध्ये सुरू झाला, वर्षानुवर्षं या विद्यापीठातून त्या विद्यापीठात फिरला आणि शेवटी विस्कॉन्सिनच्या मॅडिसनला स्थिरावला. सगळ्यांचे विद्यार्थी एका गावी, म्हणून वर्ग भरतो. मध्यपश्चिमेतली मोठी विद्यापीठं तर एकमेकांचे भाषावर्ग व्हिडिओवरून वाटून घेतात. शिक्षक एका राज्यात आणि विद्यार्थी चार राज्यांत.

आता परदेशात शिकायला जाण्याबद्दल. इथे दोन गोष्टी आडव्या येतात, वेळापत्रक आणि क्रेडिट. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, कोरियाचं मार्चला, आपलं जून-जुलैला. अमेरिकन विद्यार्थी मे महिन्यात मोकळा होतो. मग तो टोकियोला गेला तर कुठल्या सत्रात बसणार? आणि परत आल्यावर तिथला अभ्यास त्याच्या पदवीत मोजला जाणार का? कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९६२ पासून यासाठी आपल्या गावोगावच्या सगळ्या कॅम्पसचा मिळून एकच कार्यक्रम चालवला आहे. विद्यार्थी डेव्हिसचा असो की सॅन डिएगोचा, परदेशातले गुण थेट विद्यापीठाच्या गुणपत्रकात लागतात. क्रेडिट आधी ठरलेलं असतं. पुन्हा सांगतो, आधी. परत आल्यावर दारोदार सह्या गोळा करायची वेळ आली की पुढच्या वर्षीचे विद्यार्थी अर्जच करत नाहीत.

आणि पुण्याला विसरून कसं चालेल? संस्कृतचे अभ्यासक डब्ल्यू. नॉर्मन ब्राऊन यांच्या पुढाकाराने १९६१ साली अमेरिकन विद्यापीठांनी मिळून अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज उभी केली. तिचं भारतातलं पहिलं ठाणं डेक्कन कॉलेजात होतं. या संस्थेचे मराठीचे वर्ग पुण्यात भरतात, आणि चार विद्यार्थ्यांमुळे वर्ग बंद पडलेल्या विद्यापीठातला मुलगा तिथे येऊन भाषा शिकू शकतो. दोन आठवड्यांच्या सहलीला परदेशी शिक्षण म्हणणं मला पटत नाही. भाषा कानावर बसायला ऋतू बदलावा लागतो.

ज्या विद्यापीठांना हे जमवायचं आहे त्यांनी क्रेडिटचा करार सर्वांत आधी करावा, आणि सामाईक वर्गाचा पगार कोण देणार हे त्याच कागदावर लिहावं. त्या शिक्षकाची नेमणूकही निदान काही वर्षांची असावी. दर उन्हाळ्यात नोकरी राहते की जाते याची वाट पाहणारा शिक्षक दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम कुठल्या भरवशावर आखणार?

नमस्कार.