ही मॅच संपू दे

(दृश्य: अंधारी खोली. मोबाईलच्या उजेडात एक चेहरा, कानात इअरफोन.)

अकरा वर्षांचा मुलगा. शंभर खेळाडूंनी सुरू झालेल्या लढाईत आता चौदाच उरलेत. नकाशावरचं सुरक्षित वर्तुळ आक्रसत चाललंय. तेवढ्यात दारातून आवाज येतो, "बंद कर आता!"

"थांब गं आई, ही मॅच संपू दे."

पाच मिनिटांनी फोन हातातून ओढला जातो. मग आरडाओरडा, दाराची आदळआपट आणि मोठ्यांचा ठरलेला निकाल: या मारधाडीच्या गेम्सनी पोरगं बिघडवलं.

(दृश्य: जुन्या आर्केड यंत्राचा पडदा.)

हा निकाल जुनाच आहे. १९७६ मध्ये 'डेथ रेस' नावाचा आर्केड गेम आला. काळ्या-पांढऱ्या, काड्यांच्या बाहुल्यांसारख्या आकृत्या गाडीखाली चिरडायच्या, एवढंच त्यात होतं. आज पाहिला तर हसू येईल, पण तेव्हा अमेरिकेत केवढा गदारोळ झाला! १९९३ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये गेम्समधल्या हिंसेवर सुनावणी झाली आणि पुढच्याच वर्षी गेमच्या खोक्यावर वयाचा शिक्का आला.

खरंच मुलं हिंसक होतात का? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांची १,००४ ब्रिटिश मुलं आणि त्यांचे पालक यांची पाहणी केली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. गेम किती हिंसक हे मुलांच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत वयश्रेणीवरून ठरवलं, आणि मुलाच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध आढळला नाही. सगळे संशोधक याच्याशी सहमत नाहीत. ओरडणं, ढकलाढकली अशा गोष्टींशी थोडासा संबंध दिसतो, असं अमेरिकन मानसशास्त्र संघटना म्हणते. पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेम्सवर फोडू नका, असंही तिने २०२० मध्ये बजावलं.

मग ते आपटलेलं दार? त्याचं उत्तर मला २०१४ च्या एका अभ्यासात जास्त पटतं. संशोधकांनी टेट्रिस घेतला. त्यात ना बंदूक, ना रक्त, नुसते घसरणारे ठोकळे. काही जणांना मुद्दाम नको तेच ठोकळे येतील अशी व्यवस्था केली. ती माणसं चिडली. हिंसा शून्य, संताप मात्र खरा. हातात येत आलेलं निसटलं की कोणीही चिडतं. मोठी माणसं ट्रॅफिकमध्ये दुसरं काय करतात?

आणि ऑनलाइन मॅच मधेच थांबवता येत नाही. मधून उठलं की साथीदार अडचणीत, रँक खाली, वर मित्रांची बोलणी. पालकांना हट्ट दिसतो, मुलाला ती दगाबाजी वाटते.

(दृश्य: रोजच्या बक्षिसाची चमकणारी पेटी, खाली उलटा चालणारा टायमर.)

याचा अर्थ मोकळं सोडावं असा नाही. मर्यादा हवीच, पण कशावर? दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळाखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले. दहा वर्षांनी कायदाच गुंडाळला. चीनने २०२१ मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढीच मुभा ठेवली. त्याआधीच्या, २०१९ च्या निर्बंधांचा परिणाम संशोधकांनी अब्जावधी तासांच्या नोंदींतून तपासला, तर जास्त खेळणाऱ्यांचं खेळणं घटल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. सरकारं घड्याळाच्या मागे लागली. गेम मात्र बांधलाच असा जातो की तो संपू नये. रोज लॉगइन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, वर खरेदीचं बटण अगदी बोटाखाली. 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सला अशाच फसव्या खरेदी-बटणांपायी २०२२ मध्ये अमेरिकेत २४.५ कोटी डॉलर परत करण्याचं मान्य करावं लागलं.

मला जास्त काळजी वाटते ती गेममुळे काय मागे पडतं याची. २०१० मधला एक प्रयोग सांगतो. घरात गेमचं यंत्र नसलेली सहा ते नऊ वर्षांची मुलं निवडली. निम्म्यांना ते लगेच दिलं, उरलेल्यांना चार महिन्यांनी. ज्यांना आधी मिळालं, ती वाचन-लेखनात मागे पडली. अभ्यासाची वेळ गेमने खाल्ली, इतकं साधं कारण.

मॅच मधेच सोडता येत नाही, म्हणून "अर्धा तास" ऐवजी "दोन मॅच" असं ठरवलं तर भांडण निम्मं होतं. झोपताना फोन खोलीबाहेर. पैशांचा पासवर्ड मोठ्यांकडेच. यात तडजोड नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण त्याची अट कडक आहे: खेळण्यावर ताबा नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम, नुकसान दिसत असूनही थांबणं नाही, आणि हे साधारण बारा महिने. असं असेल तर घरचे नियम पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. एका संध्याकाळच्या आदळआपटीला मात्र व्यसन म्हणण्याची घाई कोणी करू नये.